क्रेफिश पाळताय? मग निदान या चुका तरी करू नका

दुकानातून 'ब्लू लॉबस्टर' म्हणून पिशवीत बांधून आणलेला क्रेफिश, म्हणजे गोड्या पाण्यातला नांग्यांचा शेवंडासारखा प्राणी, टँकमध्ये सोडला की पंधरवड्यात मला फोन येतो. प्रश्न ठरलेले, चुकाही ठरलेल्या. म्हणून एकदाच लिहून टाकतो. यापुढे कुणी विचारलं की हेच पाठवणार.

क्रेफिश दगावतात ते बहुतेक कात टाकताना. कवच वाढत नाही, त्यामुळे अंग वाढायचं तर जुनं कवच टाकावंच लागतं. त्याआधी काही दिवस तो खाणं सोडतो, कोपऱ्यात दडून बसतो. मग कुशीवर नाहीतर चक्क पाठीवर आडवा होतो. पाठीचं कवच आणि शेपटी यांच्या सांध्यात फट पडते आणि तिच्यातून तो मिशा-नांग्यांसकट बाहेर निसटतो. नवख्याला वाटतं, गेला बिचारा!

पुण्यातल्या एका ओळखीच्या पोराचा रात्री असाच फोन. "काका, उलटा पडलाय. जाळीने सरळ केला तर परत पडतो." म्हटलं, हात लावू नकोस, लाइट बंद कर आणि झोप. पण धीर कुणाला? कुठल्याशा व्हिडिओत बघून त्याने चिमट्याने कवच ओढलं, म्हणे मदत म्हणून. आतलं अंग त्या वेळी उकडलेल्या अंड्याइतकं मऊ असतं. कवचाबरोबर एक नांगी आणि दोन पाय निघाले, सकाळी खेळ खलास. नांगी पुढच्या कातींमध्ये परत येते, पण त्यासाठी प्राणी जिवंत राहावा लागतो. याच पठ्ठ्याने पुढचा क्रेफिश आणला. त्याने कात टाकली तेव्हा रिकामं कवच बघून हा 'मेला' समजला आणि ते कचऱ्यात टाकलं. क्रेफिश दगडामागे बसलेला होता!

ते कवच टँकमध्येच राहू द्या. तो ते खातो. कात टाकण्याआधी जठराच्या भिंतीत दोन पांढऱ्या गोट्यांच्या रूपात थोडं कॅल्शियम साठवतो, पण तेवढ्यावर सगळं कवच टणक होत नाही. उरलेलं जुन्या कवचातून, खाण्यातून आणि पाण्यातून मिळवावं लागतं. मुंबईचं तलावाचं पाणी मृदू, म्हणजे कॅल्शियम कमी, म्हणून मी काष्ठौषधीच्या दुकानातून समुद्रफेस (माकूळाचं कॅल्शियमचं पांढरं हाड) आणून त्याचा तुकडा टाकून ठेवतो. महागड्या बाटल्यांपेक्षा माझा त्यावर जास्त भरवसा. आरओचं नुसतं पाणी भरणाऱ्यांना काय सांगावं! आणि कात टाकल्यावर चार-पाच दिवस टँकमध्ये हात घालायचा नाही, सजावट बदलायची नाही.

दुसरा माझा राग पिल्लांच्या बाबतीतला. आधी जोडीच धड नसते. दुकानदार मोठ्या नांगीचा नर आणि छोट्या नांगीची मादी असं सांगून मोकळा होतो. उलटा करून बघा. ऑस्ट्रेलियाचा रेड क्लॉ असेल तर नराची छिद्रं चालायच्या शेवटच्या पायांच्या बुडाशी, मादीची मधल्या म्हणजे, नांग्या धरून मोजलं तर, तिसऱ्या जोडीच्या बुडाशी. फ्लोरिडाच्या निळ्या क्रेफिशमध्ये नराचे पोटाखालचे पहिले छोटे पाय कडक होऊन पुढे, चालायच्या पायांच्या मध्ये वळलेले असतात. मार्बल्ड नावाच्या जातीला तर नर लागतच नाही. एकटी मादी टँक भरून टाकते, घेताना विचार करा.

मादीने शेपटीखाली अंडी धरली की लोकांना राहवत नाही. जाळीत धरून फोटो, मग नवीन टँक. घाबरलेली मादी अंडी झटकून टाकते आणि मग विचारतात, काका, काय चुकलं? हलवायचंच तर नराला हलवा. अंडी फुटायला पाण्याच्या उबेप्रमाणे तीन ते सहा आठवडे लागतात. पिल्लं बाहेर येतात ती आईचीच छोटी प्रत असतात, खारं पाणी वगैरे काही लागत नाही. काही दिवस ती आईलाच चिकटून राहतात. ती सुटी फिरू लागली की मग आईला काढा. पिल्लं छोटी आहेत तोवर स्पंज फिल्टरच हवा, साधा फिल्टर पिल्लं ओढून घेतो. पिल्लं सारखी कात टाकतात आणि जे मऊ पडलं त्याला भावंडं खातात. यावर माझा उपाय एकच, वाळलेली जंगली बदामाची पानं, भरपूर. लपायलाही तीच आणि खायलाही तीच. फवारणी न झालेल्या झाडाखालची घ्या, धुऊन भिजवा. तरी शेकड्यातली थोडीच मोठी होतात, तेव्हा 'घरबसल्या क्रेफिशचा धंदा' सांगणारे व्हिडिओ बंद करा.

बाकीचं थोडक्यात. झाकण हवंच, एअर पंपाच्या नळीवरून तो रात्री चढून बाहेर पडतो. गप्पी, गोल्डफिश सोबत ठेवले तर ते त्याचं जेवण. दोन फुटी टँकमध्ये एकच ठेवा. कालच पाणी भरून आज क्रेफिश सोडू नका, नव्या टँकमध्ये त्याच्याच घाणीतून साठणारा अमोनिया मारतो. माशांच्या बुरशीवरची तांबं असलेली औषधं त्याला विष आहेत. गंमत म्हणजे त्याच्या स्वतःच्या रक्तात तांबं असतं, पण पाण्यातलं सोसत नाही.

आणि जास्त झालेली पिल्लं तलावात किंवा नदीत सोडू नका. भारतात मूळचा एकही क्रेफिश नाही, आणि टँकमधले शेवाळ खाणारे सकर मासे नद्या-तलावांत सोडून आपण जे नुकसान करून ठेवलंय तेवढं पुरे. दुकानदाराला परत द्या. फुकट दिलीत तर बहुधा घेईल.