सण विचारू नका, मंगळवार विचारा

परदेशातल्या एखाद्या वर्गाशी पत्रमैत्री करायची, अधूनमधून व्हिडिओ कॉल करायचा, असं गोव्यातल्या तुमच्या नववी-दहावीच्या वर्गात ठरलं असेल, तर ई-मेल कसा लिहायचा हे कोणी शिकवायची गरज नाही. समोरची शाळाही बहुधा शिक्षकांनी शोधलेली असते. अडतं ते पुढे. पहिलं पत्र उत्साहात जातं, त्याला छान उत्तर येतं, दुसरंही जातं, आणि तिसऱ्या पत्रापाशी सगळं थंड पडतं. मग "त्यांना रस नाही" किंवा "आपलं इंग्रजी कमी पडलं" असं म्हणून विषय मिटतो. इंग्रजी फार क्वचित कमी पडतं. चूक पहिल्याच पत्रातल्या प्रश्नांत झालेली असते.

"तुमच्या देशाची संस्कृती कशी आहे? मुख्य सण कोणते? पारंपरिक जेवण काय असतं?" हे प्रश्न दिसायला सभ्य, शिक्षकांना पसंत, आणि पत्रव्यवहाराच्या मुळावर येणारे. या सापळ्याबद्दल जरा लांबण लावतो, कारण बाकीच्या चुका सुधारता येतात. ही झाली आहे हेच कित्येक महिने कळत नाही.

प्रश्न उलटा करून पाहा. डिचोलीतल्या नववीच्या मुलाला कोणी विचारलं की गोव्याची संस्कृती कशी आहे, तर तो काय लिहील? निबंधाच्या वहीतलं लिहील: सुंदर समुद्रकिनारे, चर्च, देवळं, कार्निव्हल, शिगमो, नुस्तं-भात. प्रत्यक्षात किनाऱ्यावर तो वर्षातून दोनदा जातो, तेही पाहुणे आले तर. कार्निव्हलची मिरवणूक त्याने मोबाईलवर पाहिली आहे. पण दिवाळीआधी आठ-पंधरा दिवस वाड्यावरची पोरं नरकासुराच्या सांगाड्यामागे असतात, वर्गणी कोणाकडे मागायची नि मुखवटा कोण रंगवणार यावरून वाद घालतात, पहाटे नरकासुर जाळतात, घरी येऊन आंघोळ करून तुळशीपाशी कारीट फोडतात आणि मग घरोघर फोव म्हणजे पोहे खात फिरतात. हे सगळं त्याला तोंडपाठ आहे, आणि पत्रात त्यातलं काहीच येत नाही, कारण विचारणाऱ्याने 'संस्कृती' विचारली होती. तिकडच्या मुलाचंही अगदी हेच होतं. तुम्ही संस्कृती विचारता, तो पाठ्यपुस्तक उघडतो, तुम्हाला जपानचा फुजी पर्वत आणि किमोनो मिळतो. ते तुम्हाला आधीच माहीत होतं. दोन्हीकडे कंटाळा येतो आणि दोन्हीकडे तो कोणी बोलून दाखवत नाही.

म्हणून मंगळवार विचारा. म्हणजे असा कोणताही दिवस, ज्या दिवशी काही विशेष नसतं. "काल शाळा सुटल्यापासून रात्री जेवेपर्यंत काय काय केलंस, घड्याळाच्या वेळा घालून लिही." "आत्ता तुझ्या दप्तरात काय काय आहे, एकेक वस्तू सांग." "घरी कशावरून ओरडा बसतो?" "शिक्षकांना हाक काय मारता?" हा शेवटचा प्रश्न दिसतो एवढासा, पण उत्तरं पाहा. पोर्तुगालमधली मुलं शिक्षकाला बोलताना 'श्तोर' आणि शिक्षिकेला 'श्तोरा' म्हणतात. 'सिन्योर दोतोर' बोलता बोलता झिजून झालेला हा शब्द. जपानमध्ये आडनावापुढे 'सेन्सेई' लागतं. आपल्याकडे नाव वगळून नुसतं 'टीचर' किंवा 'सर'. आपण नाव का वगळतो, हे तिकडून विचारलं की पहिल्यांदाच विचार करावा लागतो, आणि तिथून पत्रव्यवहार खरा चालू होतो.

प्रश्न पाठवण्याआधी तीन चाळण्या लावा. उत्तर पुस्तकात किंवा नेटवर मिळत असेल तर प्रश्न खोडा. प्रश्नात ठरावीक वेळ, जागा किंवा वस्तू नसेल तर ती घाला. आणि तोच प्रश्न स्वतःला लागू करून त्याच पत्रात पाच-सहा ओळींत आधी आपलं उत्तर लिहा. तिसरी चाळणी बहुतेक जण टाळतात, आणि नेमकं तिथेच बिघडतं. नुसते प्रश्न आले की समोरच्याला परीक्षेची प्रश्नपत्रिका आल्यासारखं वाटतं. तुम्ही आधी लिहिलंत की कदंबाची बस चुकली म्हणून पाऊण तास स्टँडवर कसा काढला, तर तोही त्याच्या ट्रेनबद्दल लिहितो. एका पत्रात असे तीन प्रश्न पुरेत. दहा विचारलेत तर दहाही उत्तरं एकेका ओळीची येतील.

याच सापळ्याची दुसरी बाजू तुमच्या स्वतःच्या वाक्यांत असते. "आम्ही गोव्यात असं करतो" हे लिहिताना हात थांबवा. तुमच्याच वर्गात पाहा: कोणाकडे चवथ (गणेशचतुर्थी) दीड दिवसाची, कोणाकडे पाच दिवसांची, कोणी त्या सुट्टीत आजोळी पेडण्याला जातो, कोणाच्या घरी चवथ नाहीच आणि तो गावच्या चर्चच्या फेस्ताची वाट पाहतो. बऱ्याच जणांची प्राथमिक शाळा मराठीतून किंवा कोंकणीतून झालेली, पाचवीपासून सगळं इंग्रजीतून, घरी बोलणं कोंकणी, वाचायला मराठी पेपर. यातलं 'गोव्याचं मूल' कोणतं? "आमच्या घरी", "आमच्या वाड्यावर", "माझ्या मैत्रिणीकडे मात्र" असं लिहा. आणि हीच सूट समोरच्याला द्या. एका मुलाने लिहिलं की तो सकाळी भात खातो, तर ती त्याच्या घरची न्याहारी झाली, जपानची नव्हे. हे वाचून घाबरू मात्र नका; 'आम्ही'चं 'आमच्या घरी' करायला दोन पत्रांत हात वळतो.

आता उत्तर वाचताना फसवणाऱ्या गोष्टी. पहिली म्हणजे आकडे. पोर्तुगालमध्ये दहावी ते बारावीला गुण २० पैकी असतात आणि पास व्हायला १० लागतात. तिकडची मुलगी "मला गणितात १४ मिळाले" असं लिहिते तेव्हा ती समाधानी असते. आपण १०० पैकी १४ समजून सांत्वनाचं पत्र पाठवतो. जर्मनीत १ म्हणजे सगळ्यात चांगला शेरा आणि ६ म्हणजे सगळ्यात वाईट. त्यामुळे आकडा आला की "किती पैकी" हे आधी विचारा. वेळेचंही तसंच. केनियातला मुलगा स्वाहिली शब्द वापरून लिहील की शाळा 'सा म्बिली' म्हणजे दोन वाजता भरते. स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात, त्यामुळे दोन म्हणजे सकाळचे आठ.

दुसरी गोष्ट, आपल्या शाळेच्या सवयीने त्यांची शाळा वाचणं. जपानमध्ये बहुतेक शाळांत मुलंच वर्ग, जिने, व्हरांडे झाडतात-पुसतात, आणि शाळेत शिरताना बूट काढून आतले वेगळे घालतात. हे वाचून आपल्याकडून दोन प्रकारची पत्रं जातात: "तुम्हाला शिक्षा झाली का?" किंवा "तुमचा देश किती शिस्तीचा, आमचा किती मागे!" दोन्ही नकोत. त्याऐवजी विचारा की तुझ्या वाट्याला कोणतं काम आलं, ते कोण टाळतं आणि टाळल्यावर काय होतं. कौतुक केलं की समोरचा आभार मानतो आणि बोलणं तिथेच संपतं.

वेळापत्रक मात्र कोरडेपणानेच बसवावं लागतं, आणि ते पहिल्या पत्राच्या आधी. २०२५ पासून आपल्याकडे गोव्यात सहावी ते दहावी आणि बारावीचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होऊ लागलं. मे महिन्याची सुट्टी, चवथ, दिवाळी, नाताळ मध्ये येतात. जपानचं वर्षही एप्रिलला सुरू होतं, पण जुलैच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास त्यांची उन्हाळी सुट्टी लागते ती ऑगस्टअखेरपर्यंत. म्हणजे त्यांच्याशी जून ते मध्य जुलै आणि मग सप्टेंबर ते डिसेंबरची सुरुवात. पोर्तुगालची शाळा सप्टेंबरच्या मध्याला उघडते. सप्टेंबरअखेर पहिलं पत्र पाठवा. ब्राझीलचं वर्ष फेब्रुवारी ते डिसेंबर, जुलैत सुट्टी. ऑगस्ट ते नोव्हेंबर धरा. कागदावर दोन्ही शाळांचे महिने वरखाली लिहून सुट्ट्या खोडा. उरलेले सलग आठ-दहा आठवडे हाच तुमचा उपक्रम. वर्षभराची आश्वासनं देऊ नका.

कॉलचं गणित: आपल्या सकाळी ११ वाजता जपानमध्ये दुपारचे २.३० असतात, म्हणजे शाळा सुटायच्या जरा आधी. केनियात तेव्हा सकाळचे ८.३०. पोर्तुगालसाठी आपला दुपारी १.३० धरा, म्हणजे आपली शाळा सुटायच्या वेळेला. तिथे हिवाळ्यात ८, उन्हाळी वेळेत ९. युरोपात मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं बदलतात, आणि ऑक्टोबरचा तो रविवार नेमका आपल्या दिवाळीच्या आसपास पडतो. सुट्टीनंतर जुन्याच वेळेला कॉल लावून बसलात तर समोर रिकामा वर्ग दिसेल. कोणी फसवलेलं नसतं. ब्राझीलसाठी संध्याकाळी ५.३० धरलेत तर साव पावलोत सकाळचे ९ असतात. तेवढ्यासाठी पालकांशी आधी बोलून ठेवा.

पहिला कॉल चाळीस मिनिटांहून मोठा नको, आणि एका कॅमेऱ्यासमोर चार-पाचच मुलं. चाळीस जण एका पडद्यासमोर बसवले की पुढचे दोघे बोलतात आणि बाकीचे हात हलवतात. पहिली पाच-सात मिनिटं सगळे गप्प असतात. ते होणारच, मनाला लावून घेऊ नका. हातात काही तरी ठेवा: दप्तर रिकामं करून दाखवणं, रिसेसचा डबा उघडणं, खिडकीतून काय दिसतं ते दाखवणं. वस्तू समोर आली की तुटक्या इंग्रजीतही गप्पा चालतात. नाच-गाण्याचा कार्यक्रम आणि नऊवारी-कुणबी साड्यांची 'संस्कृती दिन' छापाची तयारी करू नका, असं माझं ठाम मत आहे. त्यात महिना जातो आणि समोरच्याला रंगमंच दिसतो, तुम्ही दिसत नाही.

कागदी पत्र एकदा तरी पाठवाच. नेहमीच्या ए-फोर आकाराच्या ८० जीएसएम कागदाचं वजन साधारण ५ ग्रॅम असतं. परदेशी पत्राचा पहिला टप्पा २० ग्रॅमचा, म्हणजे तीन कागद आणि हलकं पाकीट. चौथा कागद घातला की पुढचा दर लागतो. आत आमसुलं, काजू, बिया, शिंपले घालू नका. वस्तू घातली की कस्टमचा फॉर्म येतो, आणि बी-बियाणं, खाद्यपदार्थ पुष्कळ देशांत अडवले जातात. बसचं तिकीट, वहीचं पान, हाताने काढलेला शाळेचा नकाशा बिनधास्त जातो. पत्ता नेहमी शाळेचा. घरचा पत्ता, स्वतःचा फोन नंबर आणि इन्स्टाग्रामचं खातं पहिल्या पत्रात तर नाहीच, नंतरही शिक्षकांना विचारल्याशिवाय नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती बालक धरली आहे, आणि तिची माहिती वापरण्याआधी पालकांची संमती घ्यावी अशी तरतूद आहे. फोटो पाठवण्याआधी पालकांची सही घ्या, समोरच्या शाळेकडूनही तशीच मागा. यात कसलीही सवलत नको.

आता आडवाटांबद्दल. पूर्ण पत्र एआयकडून लिहून घेणं ही सगळ्यात वाईट. पत्र गुळगुळीत होतं, चूक एकही नसते, आणि त्यात तुमचा वाडा नसतो. वीस मुलांची वीस पत्रं एकाच चालीची गेली की तिकडच्या शिक्षकांच्या लक्षात यायला वेळ लागत नाही. अडलेल्या शब्दापुरतं भाषांतराचं ॲप वापरा. त्यात गैर काही नाही. मात्र 'माटोळी' (चवथीला गणपतीच्या वर बांधतात ती फळांची चौकट), 'फोव' असले शब्द भाषांतरात घालू नका. शब्द तसाच ठेवा आणि दोन वाक्यांत सांगा की माटोळी कशाची बांधतात, बाजारातून फळं-रानफळं कोण आणतं, कोण शिडीवर चढतं.

मार्गदर्शक निवडताना इंग्रजी उत्तम असलेल्या शिक्षकांकडेच जायला हवं असं नाही. व्याकरण सुधारून देणाऱ्यांपेक्षा "हा प्रश्न तू खरंच विचारणार होतास, की कोणी सांगितला म्हणून?" असं विचारणारं माणूस जास्त कामाचं. ते पी.टी.चे सर असतील, ग्रंथपाल असतील, बोटीवर नोकरी करून आलेले शेजारचे काका असतील. प्रत्येक पत्र लाल शाईने तपासून मगच पाठवणाऱ्यांपासून जरा लांब राहा. पत्र पंधरा दिवस टेबलावर पडून राहतं आणि त्यातला मंगळवार शिळा होतो.

तीन आठवडे उत्तर आलं नाही तर रुसू नका. तिकडे परीक्षा असेल. जपानमधली तुमच्याच वयाची, माध्यमिकच्या तिसऱ्या वर्षाची मुलं जानेवारी ते मार्च हायस्कूलच्या प्रवेश परीक्षांत बुडालेली असतात. दहावीच्या मुलांना हे वेगळं समजावायला नको. दोन ओळींचं, कसलाही प्रश्न नसलेलं पत्र पाठवा आणि थांबा. एका मुलाला एकच जोडीदार देण्याऐवजी दोघांना दोघे अशी जोडी लावली, तर एक गप्प झाला तरी धागा तुटत नाही.

शेवटच्या पत्राची तारीख आधीच सांगून ठेवा. न सांगता गळाठून संपलेला पत्रव्यवहार फार दिवस खुपतो. त्या पत्रात त्यांचं पहिलं पत्र पुन्हा वाचून तुम्हाला तेव्हा चुकीचं समजलेल्या तीन गोष्टी लिहा, आणि खाली अर्धं पान कोरं सोडा, त्यांना आणखी दुरुस्त्या करून परत पाठवता याव्यात म्हणून.