नवोदयला क्लास लावायचा का नाही? भांडायच्या आधी एक पेपर घरी सोडवून घ्या

पोरगं पाचवीत गेलं की पालकांच्या ग्रुपवर एकच वाद, नवोदयचा, म्हणजे केंद्र सरकारच्या हॉस्टेलवाल्या शाळेत सहावीला प्रवेश मिळवायच्या परीक्षेचा. एक पार्टी म्हणते मुळात हुशार असेल तर तयारी कशाला, दुसरी म्हणते क्लासशिवाय आजकाल कुणाचा नंबर लागतोय. साताऱ्यात काय नि तिकडं पलूसला काय, भांडण तेच. दोघांनीही गप्प बसून मागच्या वर्षीचा एक पेपर काढा आणि रविवारी सकाळी पोराला सलग दोन तास बसवा, शेजारी बसून "नीट वाच की" करायचं नाही.

पेपर ८० प्रश्नांचा, १०० मार्कांचा, प्रत्येक प्रश्नाला सव्वा मार्क. त्यातले ४० प्रश्न म्हणजे ५० मार्क नुसत्या आकृत्यांचे, अंकगणित २५, भाषा २५. गणित-भाषा शाळेत होतंच, पण आकृत्यांची सवय नसली की वर्गात पहिला येणारासुद्धा गांगरतो, त्यामुळं "हुशाराला तयारी नको" हे निम्म्या पेपरला लागूच होत नाही.

पण त्यासाठी क्लासच पाहिजे असंही नाही. घडी घालून भोक पाडलेल्या कागदाचे प्रश्न असतात ना, ते समजावत बसू नका, वहीचं पान चौकोनी कापा, दोन घड्या घाला, भोक पाडा, आणि उघडायच्या आधी भोकं कुठं कुठं येतील ते त्यालाच काढायला लावा, मग उघडा. चार-पाच वेळा चुकेल, नंतर तुम्हालाच शिकवेल. आरशातल्या प्रतिमेला घरातला आरसा आहेच.

उत्तरपत्रिकेचे गोल पहिल्यापासून बॉलपेननंच भरायला लावा, पेन्सिलीची सवय घातक, कारण तिथं खोडता येत नाही. निगेटिव्ह मार्किंग नाही, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही.

आता निकाल बघा. आकृत्या चुकल्या तर घरी रोज अर्धा तास पुरे. अपूर्णांक, लसावि-मसावि, नफा-तोटा कच्चं असेल तर आधी तेवढे धडे पक्के करा, सराव पेपरांचा गठ्ठा नंतर. आणि दोघंही रात्री आठला घरी येत असाल तर क्लास लावा, त्यात लाज कसली, फक्त तिथं चुकलेलं गणित परत करून घेतात का ते विचारा, नुसते पेपर वाटणारे लय आहेत.

साताऱ्याचं सैनिक स्कूल १९६१ चं, देशातलं पहिलं, त्यामुळं त्याचाही फॉर्म लोक भरतातच. पण तिथं सहावीच्या पेपरात ३०० पैकी १५० मार्क गणिताचे, म्हणजे एकाच गाइडवर दोन्ही उरकायचं डोक्यातून काढा.

एक गोष्ट मात्र तिसरीलाच बघायची. नवोदयच्या किमान ७५ टक्के जागा ग्रामीणच्या, आणि त्यासाठी तिसरी, चौथी, पाचवी तिन्ही वर्षं गावातल्या शाळेत पाहिजेत, एक दिवस जरी शहरातल्या शाळेत काढला तरी शहरी धरतात. चांगली शाळा म्हणून चौथीत पोराला कोरेगावकडच्या खेड्यातून सातारा शहरात आणणाऱ्यांनी हे आधी वाचावं. शिवाय सहावीसाठी परीक्षा एकदाच देता येते, पुढच्या वर्षी परत बसता येत नाही.

आणि फॉर्म भरायच्या आधी पोराला विचारा, हॉस्टेलवर राहशील का. नाही म्हणालं तर आजी-आजोबांना मध्ये घालून मनवत बसू नका, आकृत्यांचा सराव वाया जात नाही, शाळेतल्या स्कॉलरशिप परीक्षेच्या बुद्धिमत्तेच्या पेपरलाही तो चालतो.