फुलं भरपूर, फळ नाही: खत घालण्याआधी ही चाचणी करा

भोपळ्याचा वेल फुलांनी भरतो, पण मादी फुलामागची इवली फळं चार-पाच दिवसांत पिवळी पडून गळतात. मग पहिला हात जातो खताच्या पोत्याकडे. तो आवरा. नत्र जास्त झालं तर वेल नुसता पानांवर जातो. आधी बघायचं ते फुलाला परागकण मिळाले का, हे. (सुरुवातीचे काही दिवस बहुतेक नर फुलंच येतात. ती गळतातच, त्यात काही बिघडलेलं नसतं.)

आदल्या संध्याकाळी, उद्या उमलतील अशा वीस मादी कळ्या शोधा: टोक पिवळं, पण मिटलेलं. एका वेलावर एकच घ्या, कारण एक फळ धरलं की पुढचं वेल स्वतःच गाळतो आणि हिशेब चुकतो. दहा देठांना लाल दोरा सैलसर बांधा, दहांना पांढरा. सकाळी फुलं उमलली की नऊच्या आत ताजं नर फूल तोडून त्याच्या पाकळ्या काढा. मधली परागकोशाची दांडी बोटाला टेकवून बघा, पिवळी भुकटी लागली पाहिजे. दव असेल तर तिचा चिखल होतो, अर्धा तास थांबा. मग लाल दोऱ्याच्या फुलात कुक्षीच्या (मादी फुलातला पराग घेणारा मधला भाग) सगळ्या पाळ्यांवर ती दांडी हलकेच फिरवा. एका मादी फुलाला एक नर फूल. पांढऱ्या दोऱ्याच्या फुलांना हात लावायचा नाही. दुपारपर्यंत फूल मिटतं आणि पुन्हा उमलत नाही, म्हणून उशीर झाला की तो दिवस गेला.

आठवड्याने मोजा. लाल धरले आणि पांढरे गळले, तर पराग आणणारे कीटक कमी पडताहेत. दोन्ही धरले, तर कीटक पुरेसे आहेत. दोन्ही गळले, तर ऊन, पाणी, नत्र किंवा रोग तपासा. कडक उष्म्यात परागकणच निकामी होतात.

कीटक कमी का पडले, हे त्याच फुलांजवळ बसून पुष्कळसं कळतं. सकाळी पाच फुलांवर दहा मिनिटं नजर ठेवा, असं तीन दिवस. मादी फुलाच्या कुक्षीला जो शिवला तोच मोजा. बाहेरून भोक पाडून मध पिणारा चोर असतो.

फुलांखाली जीभ बाहेर आलेल्या मेलेल्या मधमाश्या दिसल्या तर संशय फवारणीवर घ्या. भोपळ्याची फवारणी फुलं मिटल्यावर संध्याकाळी करायची, हा सल्ला बरोबरच. पण दुधी आणि दोडका संध्याकाळी उमलतात, तिथे तोच सल्ला पतंगांच्या जिवावर उठतो. इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम यांसारख्या आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या रसातून सगळीकडे पोचणाऱ्या, कीटकनाशकांना तर वेळेचा उपाय लागूच पडत नाही. बियाण्याला चोळलेलं औषधही झाडातून मधात आणि परागात उतरू शकतं. युरोपीय संघाने 2018 मध्ये या दोन्हींचा आणि क्लोथियानिडिनचा उघड्या शेतातला वापर बंद केला तो याच कारणाने. काही बुरशीनाशकं एकटी सौम्य असतात, पण पायरेथ्रॉइड गटातल्या कीटकनाशकाबरोबर एकाच टाकीत मिसळली की मधमाशीची विष पचवण्याची ताकद मारतात. पंपाच्या दोन फेऱ्या वाचवायला केलेलं मिश्रण असं महागात पडतं.

मेलेल्या माश्या नाहीत आणि जिवंतही नाहीत, तर घर किंवा अन्न गेलंय. पेटीतल्या मधमाश्या आणि त्यांच्या रानटी भाऊबंद माश्या मिळून 20,000 हून अधिक जाती आहेत; त्यांपैकी बहुतेक एकट्या राहणाऱ्या, आणि त्यांतल्या बहुसंख्य जमिनीत बीळ करणाऱ्या. खोल नांगरट, प्लॅस्टिक आच्छादन आणि काँक्रीट यांनी ती बिळं बुजतात. पाणी न साचणारा, उन्हातला दोन-तीन चौरस मीटरचा तुकडा उघडा ठेवा आणि त्याला कुदळ लावू नका. काडीत राहणाऱ्यांसाठी 4 ते 8 मिलिमीटर पोकळीच्या, 15 सेंटिमीटर लांबीच्या, एका टोकाला पेर असलेल्या कांड्यांची जुडी सकाळच्या उन्हात घट्ट बांधा. लोंबती ठेवली तर रिकामीच राहील. जुन्या कांड्यांत किडे आणि बुरशी माजते, दर वर्षी नव्या घाला. बांधावरचं फुलणारं तणही सगळं काढू नका. पीक काही आठवडेच फुलतं, माशीला त्याच्या आधी आणि नंतरही खायला लागतं.

मधपेट्या आणून ठेवणं हा सोपा वाटणारा उपाय, पण अर्धाच. टोमॅटो-वांग्याचा पराग परागकोशाच्या बारीक छिद्रांतून थरथरवून काढावा लागतो. ते भुंग्यांना जमतं, पेटीतल्या माश्यांना नाही.

माणसांचं नुकसान कुठे होतं, तेही नेमकं समजून घ्यावं. गहू, तांदूळ, मका यांना परागीभवनासाठी कीटकांची गरज नसते, त्यामुळे पोट भरत राहतं. आंतरशासकीय जैवविविधता मंचाच्या 2016 च्या अहवालानुसार जगातल्या प्रमुख अन्नपिकांपैकी सुमारे 75 टक्के थोडीफार तरी कीटक-पक्ष्यांवर अवलंबून आहेत, उत्पादनाच्या वजनात ती सुमारे 35 टक्के भरतात. त्यांत फळं, भाज्या, सुकामेवा, म्हणजे अ आणि क जीवनसत्त्वं आणि फोलेट. ताटातलं वजन तेवढंच राहून पोषण घटतं. हाताने परागीभवन परसातल्या वीस वेलांपुरतं ठीक. कलिंगडाच्या एका फुलाला माशीच्या आठ-दहा भेटी लागतात, आणि एकराची तशी मजुरी कोण देणार?

कांड्या बांधल्या म्हणून याच हंगामात फळं वाढतील असं नाही. एकट्या माश्यांच्या पुष्कळ जातींची वर्षाला एकच पिढी होते. लाल-पांढरे दोरे जपून ठेवा, पुढच्या फुलोऱ्यात हीच मोजणी पुन्हा करायची आहे.