कळा सुरू झाल्यावर काय खावे, काय प्यावे

बाळंतपणाच्या सुरुवातीच्या कळा सौम्य असतात, भूकही असते. खाऊन घ्यायची वेळ हीच. टोस्ट, केळे, मऊ भात असे हलके पदार्थ थोडे थोडे खा. तळलेले, तुपकट नको. कळांमध्ये जठर हळू रिकामे होते आणि पुढे उलटी होऊ शकते. कळा जोर धरल्या की भूक आपोआप मरते. तेव्हा आग्रह कोणीही करू नये.

पाणी मात्र चालू ठेवा. दोन कळांच्या मधे एक-दोन घोट, तहानेइतकेच. वाकणारी नळी असली तर आडवे होऊनही पिता येते. घटाघटा खूप पाणी प्यायल्यास रक्तातले सोडियम घसरू शकते, म्हणून अधूनमधून पातळ सूप किंवा क्षार-साखरेचे पेय घ्या. दर दोन-तीन तासांनी लघवीला जा. भरलेले मूत्राशय बाळाचे डोके खाली सरकायला अडथळा आणते.

१९४६ साली अमेरिकन प्रसूतितज्ज्ञ मेंडेलसन यांनी भूल दिल्यावर पोटातले अन्न फुप्फुसात जाण्याचा धोका मांडला, आणि उपाशी ठेवण्याची पद्धत रुळली. आता कमी जोखमीच्या बाळंतपणात खाण्यापिण्याची मुभा देण्याची शिफारस जागतिक आरोग्य संघटना करते. सिझेरियनची शक्यता असेल किंवा पेथिडिनसारखे वेदनाशामक दिले असेल, तर मात्र घास घेण्याआधी डॉक्टरांना विचाराच.