फेब्रुवारीच्या उन्हात वाइन द्राक्षाचं आम्ल कसं वाचवायचं

फेब्रुवारीत दुपारचा पारा 33-34 अंशांवर गेला, की दिंडोरी-निफाडच्या बागांत गोडी भराभर चढते आणि आम्ल उतरतं. मण्यातलं मॅलिक आम्ल उष्णतेत श्वसनात खर्च होतं. दुसरं मुख्य आम्ल, टार्टारिक, बरंचसं टिकतं. आम्ल घटून पीएच वाढला की वाइनरीतला खर्चही वाढतो. 3.2 पीएचच्या पांढऱ्या वाइनला लिटरमागे 21 मिलिग्रॅम मुक्त सल्फर डायऑक्साइड (वाइन टिकवणारा घटक) पुरतो, तेवढ्याच संरक्षणाला 3.5 पीएचवर 40 लागतो. त्यामुळे आम्ल बागेतच राखायला हवं.

सुरुवात गोडी छाटणीच्या, म्हणजे फळासाठी केलेल्या छाटणीच्या, तारखेपासून होते. कॅबरने सोव्हिन्यो ही लाल जात छाटणीनंतर साधारण 150 दिवसांनी येते, शेनिन ब्लांक ही पांढरी त्याआधी. म्हणून लाल वाण आधी छाटा. 20 ऑक्टोबरला छाटलेली कॅबरने ऐन मार्चच्या उन्हात पिकते. सप्टेंबरअखेर छाटली तर फेब्रुवारीअखेर तोडता येते. मात्र कोवळी फूट परतीच्या पावसात सापडते, तेव्हा डाऊनी (केवडा) रोगाच्या फवारणीत ढिलाई नको.

पानं काढताना सर्वांत जास्त चुका होतात. उत्तर-दक्षिण ओळीत फक्त पूर्वेच्या बाजूची, घडासमोरची पानं काढा, तीही मणी ज्वारीच्या दाण्याएवढे असताना. पश्चिमेची पानं आणि बगलफुटी ठेवा. मण्यात पाणी उतरल्यावर (मणी मऊ पडू लागल्यावर) एकदम पानं काढली, तर उन्हाची सवय नसलेली साल करपते: पश्चिमेकडच्या मण्यांवर तपकिरी, खोलगट डाग पडतात आणि मणी सुकतात.

बोदावर (वेलींच्या ओळीतल्या मातीच्या वरंब्यावर) उसाच्या पाचटाचा चांगला थर द्या, ड्रिपर त्याखाली ठेवा. पिकताना पाणी कमी करा, पण तोडू नका. दुपारी पानं लोंबायला लागली की ती घडांना सावलीही देत नाहीत आणि साखरही बनवत नाहीत. आणि खाण्याच्या द्राक्षाची सवय इथे आणू नका: गोडीसाठी वरून झिरो-झिरो-पन्नास हे पालाशचं (पोटॅशचं) खत सोडणं वाइन द्राक्षाला घातक आहे. जादा पालाश रसातल्या टार्टारिकशी जुळून खाली बसतं आणि पीएच वर जातो. पानांच्या देठ परीक्षणात कमतरता दिसली तरच पालाश द्या.

तोडणीच्या दोन आठवडे आधीपासून दर तीन दिवसांनी 100 मण्यांचा नमुना घ्या. ओळीच्या दोन्ही बाजू, घडाचा वरचा, मधला, खालचा भाग, सगळीकडून. कडेच्या ओळी वगळा. पीएच मीटर 4 आणि 7 च्या बफरवर लावून घ्या. 10 मिली रसाला 8.2 पीएचपर्यंत न्यायला 0.1 नॉर्मल तीव्रतेचा कॉस्टिक सोड्याचा द्राव जितके मिली लागेल, त्याला 0.75 ने गुणा; ते लिटरमागे आम्लाचे ग्रॅम. पांढऱ्यासाठी 20-22 ब्रिक्स (रसातल्या साखरेचं माप) आणि 3.2-3.4 पीएच धरा. दोन्ही एकत्र जुळत नसतील, तर ब्रिक्सची वाट पाहू नका, पीएचवर तोडा.

तोडणी पहाटे चारला सुरू करून आठला संपवा. 28 अंशांचा एक टन माल 15 अंशांवर आणायला सुमारे 13 युनिटइतकी उष्णता काढावी लागते. पहाटेचा माल थंडच येतो, चिलरचं बिल तिथेच वाचतं. क्रेट सावलीत ठेवा, एकावर एक दाबून भरू नका.

एवढं करूनही पीएच चढलाच, तर आंबवणीआधी टार्टारिक घाला. लिटरला 1 ग्रॅमने पीएच साधारण 0.1 उतरतो. आधी थोड्या रसात विरघळवा, टाकीत ढवळा, मग पुन्हा मोजा.