पारदर्शक पीएनजी काढताना मल्टिप्लाय, स्क्रीन आणि ओव्हरले कसे टिकवायचे

फोटोशॉपमध्ये आकाशकंदील झकास दिसतो. मागे गडद निळी रात्र, कंदिलाभोवती स्क्रीन मोडमधली (खालचं उजळवणारी) केशरी प्रभा, खाली मल्टिप्लायमधली (खालचं गडद करणारी) सावली, कागदावर ओव्हरलेने (उजळ भाग उजळ, गडद भाग गडद करून) आणलेला पोत. मग बॅकग्राउंडचा डोळा बंद करून पीएनजी काढली, बॅनरवर ठेवली, तर सावलीच्या जागी राखाडी डाग आणि प्रभेच्या जागी काळा चौकोन. एक्सपोर्टच्या खिडकीत कुठेतरी टिकमार्क करायचा राहिला असं वाटतं आणि माणूस तासभर तिथेच शोधत बसतो. दोष तिथे नसतोच.

पीएनजीमध्ये प्रत्येक पिक्सेलसाठी लाल, हिरवा, निळा आणि अल्फा (पिक्सेल किती अपारदर्शक ते) एवढेच आकडे असतात. ब्लेंड मोड, म्हणजे वरचा लेअर खालच्यात कसा मिसळायचा तो नियम, लिहून ठेवायला जागाच नाही. मल्टिप्लाय म्हणजे वरच्या आणि खालच्या रंगाचा गुणाकार. खाली पारदर्शक पोकळी असेल तर गुणायला दुसरा आकडा नसतो आणि लेअर नॉर्मलसारखा वागतो. त्यामुळे प्रत्येक लेअरला एकच प्रश्न विचारायचा: हा नेमका कशावर ब्लेंड होतोय? कंदिलावर, की कंदिलामागच्या बॅकग्राउंडवर?

आधी नुकसान पाहून घ्या

कंदिलाचे सगळे लेअर एका ग्रुपमध्ये घाला (कंट्रोल + जी). फोटोशॉपमध्ये नव्या ग्रुपचा मोड ‘पास थ्रू’ असतो, म्हणजे आतले लेअर ग्रुपखालच्या बॅकग्राउंडपर्यंत पोहोचतात. तो बदलून ‘नॉर्मल’ करा, बॅकग्राउंड चालूच ठेवा. या क्षणी चित्रात जे बदलेल, तेवढंच पीएनजीत हरवणार आहे. ग्रुपमधले ॲडजस्टमेंट लेअरही (खालच्या लेअरचे रंग-उजेड बदलणारे) आता फक्त ग्रुपपुरतेच चालतात. गिंप आणि क्रिटा या मोफत प्रोग्रॅममध्येही ग्रुपला पास थ्रू असतो, तिथेही हीच परीक्षा घेता येते.

कंदिलावरच ब्लेंड होणारे लेअर

हे सोपं काम. ओव्हरलेचा पोत, सॉफ्ट लाइटची झळाळी, कलर डॉज, यांच्याखाली कंदिलाचे ठोस पिक्सेल आहेतच. प्रश्न फक्त कडेचा. पोताचा लेअर कंदिलाबाहेर सांडत असेल तर बाहेरचा भाग नॉर्मल होऊन उघडा पडतो. म्हणून तो कंदिलाच्या लेअरवर क्लिप करा (कंट्रोल + ऑल्ट + जी), म्हणजे तो कंदिलाच्या आकारापुरताच दिसेल. क्रिटामध्ये कंदील आणि पोत एकाच ग्रुपमध्ये ठेवून पोताच्या लेअरला ‘इनहेरिट अल्फा’ द्या. मग ग्रुप मर्ज केला तरी रंग तेच राहतात.

सावली: राखाडी मल्टिप्लाय

फोटोशॉपच्या ड्रॉप शॅडोचा मोड मल्टिप्लाय असतो, तरी काळ्या रंगाची सावली पीएनजीत बिघडत नाही. कशालाही शून्याने गुणलं की शून्य, म्हणून काळ्याचा मल्टिप्लाय आणि काळ्याचा नॉर्मल हे एकच. गडबड राखाडी सावलीत होते. समजा सावलीचा रंग १५३, १५३, १५३ आहे आणि खाली केशरी २५५, १५३, ०. मल्टिप्लायचं उत्तर येतं १५३, ९२, ०. पीएनजीत मात्र सरळ १५३चा राखाडी ठिपका उमटतो. पण ४० टक्के अपारदर्शक काळा त्याच केशरीवर ठेवला तरी १५३, ९२, ० हेच मिळतं. म्हणजे कुठलाही राखाडी मल्टिप्लाय काळा आणि अल्फा यांत जसाच्या तसा उतरवता येतो, आणि बॅकग्राउंड कुठलंही असलं तरी तो बरोबर बसतो.

फोटोशॉपमध्ये असं करा:

१. सावलीच्या लेअरखाली पांढऱ्या रंगाने भरलेला लेअर ठेवा, बाकी सगळं बंद करा. सावलीचा मोड आणि ओपॅसिटी हलवू नका.
२. चॅनेल्स पॅनेलमध्ये ग्रीन चॅनेलच्या थंबनेलवर कंट्रोल दाबून क्लिक करा. सावली राखाडी आहे, तिन्ही चॅनेल सारखेच. आरजीबीवर क्लिक केलं तर फोटोशॉप स्वतः उजळपणा काढतं आणि त्यात आकडे थोडे सरकू शकतात.
३. सिलेक्शन उलटं करा (कंट्रोल + शिफ्ट + आय).
४. नवा लेअर घेऊन काळा भरा, मोड नॉर्मल, ओपॅसिटी १०० टक्के.
५. जुनी सावली आणि पांढरा लेअर बंद करून नवी सावली ग्रुपमध्ये ठेवा.

गिंपमध्ये सावली पांढऱ्यावर मर्ज करून ‘कलर्स > कलर टू अल्फा’मध्ये पांढरा निवडला की झालं. क्रिटामध्ये हाच फिल्टर ‘फिल्टर > कलर्स’खाली आहे. स्कॅन केलेली शाईची रेखाटनं, सही, मोडी कागदावरची अक्षरं कागदापासून सोडवायलाही हीच रीत उत्तम.

प्रभा: इथे तडजोड आहे

पांढऱ्या-राखाडी प्रभेला वरचीच कृती उलट करून लावा: खाली काळा लेअर, सिलेक्शन न उलटवता पांढरा रंग भरा. हेही तंतोतंत उतरतं. केशरी प्रभेचं तसं नाही. स्क्रीनमध्ये लाल, हिरवा, निळा प्रत्येक चॅनेल वेगळ्या प्रमाणात उजळतो आणि पीएनजीकडे तिघांना मिळून अल्फा एकच. गिंपच्या कलर टू अल्फामध्ये काळा निवडून काढलेली केशरी प्रभा काळ्यावर हुबेहूब दिसते, गडद निळ्यावर चांगली दिसते आणि पांढऱ्यावर चक्क केशरी डाग पडतो, कारण खरा स्क्रीन पांढऱ्याला हातही लावत नाही. रंगीत मल्टिप्लायचं याच्या उलट: पांढऱ्यावर ठीक, काळ्यावर धुकं. म्हणून गडद बॅनरसाठी आणि उजळ बॅनरसाठी दोन वेगळ्या फाइल काढणं केव्हाही चांगलं. बॅकग्राउंड ठरलेलंच असेल तर पारदर्शकतेचा हट्ट सोडून त्यासकट चित्र द्या.

बॅकग्राउंडवर पडणारा ओव्हरले, डिफरन्स किंवा ह्यू मात्र पीएनजीत कुठल्याही युक्तीने येत नाही. तो मोड पुढच्या जागीच लावावा लागतो. वेबसाइटसाठी प्रभेची वेगळी फाइल काढा, काळ्या बॅकग्राउंडसकट, आणि सीएसएसमध्ये मिक्स-ब्लेंड-मोड स्क्रीन द्या. ही फाइल ज्या घटकाच्या आत आहे त्याला ट्रान्सफॉर्म किंवा एकापेक्षा कमी ओपॅसिटी दिली असेल तर ब्लेंड त्याच्या आतच अडकतो, हे विसरू नका. छपाईसाठी इनडिझाइनमध्ये सावलीच्या फ्रेमला इफेक्ट्समधून मल्टिप्लाय द्या आणि पीडीएफ/एक्स-४ काढा, त्यात पारदर्शकता जिवंत राहते.

एक्सपोर्ट आणि तपासणी

‘फाइल > एक्सपोर्ट > एक्सपोर्ट ॲज’मध्ये पीएनजी, ट्रान्सपरन्सी आणि कन्व्हर्ट टू एसआरजीबी चालू ठेवा. जुन्या सेव्ह फॉर वेबमध्ये पीएनजी-२४ घ्या. तिथल्या पीएनजी-८मध्ये पिक्सेल एक तर पूर्ण दिसतो किंवा पूर्ण नाहीसा होतो, त्यामुळे मऊ सावली दातेरी होते. कलर सेटिंग्जमध्ये ‘ब्लेंड आरजीबी कलर्स युझिंग गॅमा’ चालू असेल तर बंद करा, नाहीतर अर्धपारदर्शक कडा ब्राउझरमध्ये वेगळ्या दिसतात. गिंप २.१०पासून लेअर्स पॅनेलमध्ये लेअरवर राइट-क्लिक केलं की ‘ब्लेंड स्पेस’ आणि ‘कंपोझिट स्पेस’ मिळतात. वेबसाठी दोन्हींत परसेप्च्युअल निवडा.

आता मूळ फाइल उघडा, बॅकग्राउंडची आणखी एक प्रत सगळ्यात वर ठेवा, तिच्यावर पीएनजी त्याच जागी ठेवून दोन्ही एका ग्रुपमध्ये घाला आणि ग्रुपला डिफरन्स द्या. सगळं काळं दिसलं तर उत्तम. वर लेव्हल्स लावून पांढरा स्लायडर २५५वरून १०वर आणा, म्हणजे डोळ्याला न दिसणारा फरकही उजळतो. एक-दोन पायऱ्यांचा फरक पूर्णांकांमुळे येतोच. सलग आकार दिसला तर कुठला तरी लेअर अजून खालच्या बॅकग्राउंडवर विसंबून आहे. शेवटी पीएनजी पांढऱ्या, काळ्या आणि भडक हिरव्यावर ठेवून पाहा. कडेला पांढरी रेघ असेल तर कंदिलाच्या लेअरवर ‘लेअर > मॅटिंग > डीफ्रिंज’ १ पिक्सेल.

गिऱ्हाइकाला व्हॉट्सॲपवर पाठवताना फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणूनच जोडा. फोटो म्हणून पाठवली की ती जेपीईजी होते आणि अल्फा वाटेतच जातो.