जुन्या ट्विन मोटारसायकलचे टॅपेट सेट करताना या चुका टाळा

ट्रायम्फ, बीएसए किंवा नॉर्टनसारख्या जुन्या दोन सिलिंडरच्या गाडीचे सर्वाधिक नुकसान आवाज बंद होईपर्यंत टॅपेट (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातले अंतर ठरवणारा स्क्रू) आवळल्याने होते. टिकटिक मालकाला खटकते, मिस्त्री अ‍ॅडजस्टर (हाच स्क्रू) थोडा आवळतो आणि गाडी शांत झाली म्हणून दोघेही समाधान मानतात. परंतु एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली बरीचशी उष्णता सीटवर (हेडमधल्या त्याच्या बैठकीवर) टेकलेला असतानाच हेडमध्ये सोडतो. अंतर उरले नाही तर तापलेला व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, जळते वायू त्याच्या कडेवरून निसटत राहतात आणि काही दिवसांत ती कड जळून कॉम्प्रेशन जाते. अंतर थोडे जास्त राहिल्यास आवाज वाढतो, व्हॉल्व्ह किंचित कमी उघडतो आणि कालांतराने झीज होते. हेही चांगले नाही, पण त्याची सूचना निदान कानाला मिळते. म्हणून मापाबद्दल शंका असेल तर सैल बाजूला राहावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

सोलापुरात ट्विन म्हटले की अनेकांना राजदूत ३५० आठवते. ती टू-स्ट्रोक असल्याने तिला टॅपेटच नाहीत. फोर-स्ट्रोकचा हात बसलेले आपले बहुतेक जुने मिस्त्री बुलेटवर तयार झालेले आहेत आणि दुसरी चूक तिथूनच येते. जुन्या बुलेटवर थंड इंजिनात पुशरॉड (रॉकरला खालून ढकलणारा दांडा) बोटांनी सहज फिरावा, पण वरखाली हलू नये, एवढे पाहिले की काम होते. हीच पद्धत ६५० सीसी ट्रायम्फ बॉनव्हिलवर वापरली तर अंतर शून्याजवळ जाते. तिथे इनलेटला दोन हजारांश इंच (०.०५ मिमी) आणि एक्झॉस्टला चार हजारांश इंच (०.१० मिमी) अंतर लागते. बीएसए ए६५ साठी हेच आकडे आठ आणि दहा हजारांश आहेत, तर नॉर्टन कमांडो ८५० साठी सहा आणि आठ. इंजिनात पूर्वी कोणी वेगळा कॅम (फिरताना व्हॉल्व्ह उघडणारा भाग) बसवला असेल तर त्या कॅमचा आकडा पाळावा लागतो. एका गाडीचे माप दुसरीला लावू नये आणि फिलर गेजशिवाय (अंतर मोजायच्या पातळ पट्ट्यांशिवाय) या कामाला हात घालू नये.

ही सर्व मापे थंड इंजिनाची आहेत. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या पुढे असताना दुपारभर उन्हात उभी असलेली गाडी चालवलेली नसली, तरी तिला थंड म्हणता येत नाही. रात्रभर सावलीत ठेवून सकाळी ऊन चढण्यापूर्वी काम उरकावे.

पिस्टनची स्थिती ओळखताना होणारी चूक खास ट्विनची आहे. या इंजिनांत दोन्ही पिस्टन एकत्र वरखाली जातात, त्यामुळे प्लगच्या भोकातून पाहिले तर दोन्ही सिलिंडर सारखेच दिसतात. प्रत्यक्षात एक कॉम्प्रेशनच्या शेवटी असतो आणि दुसऱ्याचा एक्झॉस्ट स्ट्रोक संपत असतो. तिथे दोन्ही व्हॉल्व्ह किंचित उघडे असल्याने मोजलेले अंतर निरर्थक ठरते. सोपा उपाय असा की प्लग काढावेत, गाडी मधल्या स्टँडवर घेऊन टॉप गिअरमध्ये टाकावी आणि मागचे चाक हाताने फिरवावे. डावा इनलेट पूर्ण उघडला की उजवा इनलेट सेट करावा, उजवा उघडला की डावा. एक्झॉस्टलाही हाच क्रम ठेवावा.

आता फिलर गेजबद्दल, कारण इथे सावध माणूसही फसतो. वर्षानुवर्षे चाललेल्या अ‍ॅडजस्टरच्या टोकाला खड्डा पडतो, सपाट पट्टी त्या खड्ड्यावर पुलासारखी राहते आणि आकडा बरोबर दिसूनही प्रत्यक्ष अंतर जास्त निघते. माप अचूक असूनही आवाज येत असेल तर आधी ते टोक तपासावे आणि खड्डा असल्यास अ‍ॅडजस्टर बदलावा. दुसरा फसवा क्षण लॉकनट (अ‍ॅडजस्टर जागेवर धरून ठेवणारा नट) आवळतानाचा. ट्रायम्फच्या अ‍ॅडजस्टरला इंचाला २६ आटे असतात, म्हणजे पाव फेऱ्यात जवळजवळ दहा हजारांश इंच अंतर बदलते. लॉकनटबरोबर अ‍ॅडजस्टर केसभर जरी फिरला तरी दोन हजारांशाचे माप संपले. म्हणून अ‍ॅडजस्टर धरून नट आवळावा आणि पट्टी पुन्हा घालून पाहावी. यासाठी व्हिटवर्थ (जुन्या ब्रिटिश) मापाचे पाने लागतात; मिलिमीटरचा पाना किंवा स्क्रू पाना लावून नटाचे कोपरे घासलेल्या गाड्या बऱ्याच दिसतात.

हेडचे बोल्ट आवळायचे असतील तर ते टॅपेटच्या आधी. गॅस्केट दबले की हेड खाली येते आणि अंतर कमी होते.

एक इशारा खास आपल्या गावासाठी. इथे टॉवेलच्या कटपीसला तोटा नाही आणि गॅरेजमध्ये तेच फडके म्हणून वापरले जातात, पण त्यांचे तंतू रॉकर बॉक्समध्ये राहिले तर तेलाचा मार्ग अडवू शकतात. तिथे धागे न सोडणारे जुने धुतलेले सुती कापडच वापरावे.

सेटिंगनंतरही तक्रार राहिली तर लक्षणे वाचावीत. थंड असताना नीट सुरू होणारी गाडी तापल्यावर आयडलिंग सोडत असेल किंवा चटकन सुरू होत नसेल तर व्हॉल्व्ह घट्ट असल्याचा संशय घ्यावा. कार्बोरेटरमधून फट्‌फट् होत असेल तर इनलेटही तपासावा. फट्‌फट् नसून लयबद्ध टिकटिक असेल आणि ती फक्त रेस दिल्यावर वाढत असेल, तर सायलेन्सरचा पाइप हेडला बसतो तिथली गळती आधी पाहावी. तो आवाज हुबेहूब टॅपेटसारखा वाटतो.

प्रत्येक वेळी सेट करण्यापूर्वी मिळालेले अंतर वहीत लिहून ठेवावे. ते वाढत असेल तर झीज कॅम, रॉकर किंवा अ‍ॅडजस्टरकडे शोधावी. एकाच एक्झॉस्टचे अंतर दर वेळी कमी भरत असेल तर व्हॉल्व्ह सीटमध्ये खाली बसत आहे. शिसेयुक्त पेट्रोलच्या काळातील सीट असलेल्या इंजिनांत, २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आल्यानंतर, ही शक्यता विशेष लक्षात घ्यावी लागते. अशा वेळी टॅपेट पुन्हा पुन्हा सैल करत राहण्यापेक्षा हेड उतरवून कठीण सीट बसवून घेणेच योग्य.

ट्रायम्फच्या रॉकर बॉक्सवरील टोप्या कंपनाने सुटतात, म्हणून तुळजापूरला एक फेरी मारून आल्यावर त्या हाताने तपासाव्यात. वाटेत पडलेली टोपी सोलापुरात सहजासहजी मिळत नाही.